आधी कळवा, मग चढवा

लाईट गेली की आमच्या ऑफिसात किस्से निघतात. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तेवढे चालतात, पंखे चालत नाहीत. मग सगळे खुर्च्या खिडकीकडं ओढतात, कुणीतरी चहा सांगतं आणि कुणीतरी म्हणतं, "नव्या पोरीला जात्याचं सांगितलं का ग?" झालं! काम राहतं बाजूला. असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नसतं. बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो ना, तसे ते चढत जातात. घासले तरी निघत नाहीत.

आधी काम काय ते सांगते. आमच्या बीड जिल्ह्यातल्या केजात समुद्र नाही हे मला माहीत आहे, ते तुम्ही सांगू नका!

जहाजानं परदेशी माल पाठवायचा, तर कंटेनरमध्ये काय आहे, कुणी पाठवलं, कुणाला पाठवलं, वजन किती, हे सगळं तिकडच्या कस्टमला आधी कळवावं लागतं. जहाज पोचल्यावर नाही, निघाल्यावरही नाही. माल जहाजात चढवायच्या चोवीस तास आधी! कळवलं नाही किंवा चुकीचं कळवलं, की उलट निरोप येतो, "चढवू नका." मग माल धक्क्यावर, जहाज समुद्रात आणि शिव्या आमच्या कानात.

आमचे मालक बप्पा. पंचक्रोशीत सगळे त्यांना बप्पाच म्हणतात. त्यांनी बंदरावर बरीच वर्षं काम केलं, मग आईचं दुखणं निघालं म्हणून गावाकडं आले आणि पेंडीच्या दुकानावरची माडी घेऊन हे ऑफिस काढलं. "इंटरनेट असल्यावर बंदर काय अन् केज काय!" असं त्यांचं म्हणणं. कंटेनरला ते 'डबा' म्हणतात, म्हणून आम्हीही डबाच म्हणतो. ऑफिसात मी, शिरूर कासारची शोभा, गावाबाहेरच्या धनगरवस्तीवरचा सुदाम आणि आणखी चारदोन पोरं. बप्पा सोडले तर समुद्र कुणीच बघितलेला नाही.

* * *

शोभा नवीन होती. बप्पांनी तिला पहिला धडा दिला.

"'सामान' लिवायचं न्हाई. 'इतर' लिवायचं न्हाई. 'किरकोळ' तर बिलकुल न्हाई! तिकडचा साहेब काय तुझा मामा हाय का समजून घ्यायला? साबण असंल तर साबण लिव. बटन असंल तर बटन लिव. अन् डबा खाली असंल तर खाली लिव."

दुपारी नेमका तिच्या वाट्याला खालीच डबा आला. रिकामे डबेही जहाजानं जातात, तिकडं माल भरायला. त्यांचं स्वतःचं वजन दारावरच छापलेलं असतं. पण बंदरावरच्या वजनकाट्यावरच्या माणसाचा फोन आला, "मॅडम, याचं वजन जास्त भरतंय."

"किती जास्त?"

"आत एखादी म्हैस उभी असल्यासारखं!"

शोभा म्हणाली, उघडून बघा. त्यांनी उघडलं. रिकामा. झाडून घेतला, खालच्या फळ्या ठोकून बघितल्या, पुन्हा काट्यावर घातला. वजन तेच! शेजारचा दुसरा डबा घातला, तर त्याचं वजन बरोबर. म्हणजे काट्याचाही दोष नाही.

शेवटी बप्पांनी फोन घेतला. "तुम्ही सोता आत जाऊन बघितलं का?"

"शेवटपर्यंत जाऊन आलो, बप्पा."

"मंग?"

तो माणूस हळूच म्हणाला, "काही नाही आत. पण मला अंग चोरून चालावं लागलं."

बप्पांनी फोन ठेवला, घोटभर पाणी प्यायले आणि शोभाला म्हणाले, "खाली लिव. अन् वजन काट्यावर आलं तेच लिव."

तिनं तसं लिहिलं. आम्ही वाट बघत बसलो, की आता तिकडून प्रश्न येणार. रिकामा डबा इतका जड कसा? एक अक्षर आलं नाही. डबा गेला, पोचला, उतरला. सुदाम म्हणाला, "तिकडंबी कुनाला तरी अंग चोरून चालावं लागलं असंल. त्यो काय इचारतोय!"

* * *

हा लहानसा. एका उन्हाळ्यात शोभाचा कॉम्प्युटर सारखा बंद पडायला लागला. बीडहून मेकॅनिक बोलावला. त्यानं डबडं उघडलं, आत बघितलं आणि आमच्याकडं बघितलं.

"ही मशीन कुठून घेतली?"

"बीडातूनच. तुमच्याच दुकानातून!"

"शक्यच न्हाई. ही समुद्राकाठची मशीन हाय. बगा की, हा गंज खाऱ्या हवेचा हाय. कोकणात असतानी लई बघितलाय मी."

बाहेर चटके बसत होते. पेंडीच्या दुकानासमोरची कुत्रीसुद्धा गटारीत जाऊन पडली होती. बप्पांनी आतल्या पत्र्यावर बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि थुंकले.

आम्ही दुसरा कॉम्प्युटर आणला. कोरा, खोक्यातला. पावसाळ्याआधी तोही बंद! तोच मेकॅनिक आला. यावेळी तो भांडायच्या तयारीतच होता. उघडलं, फुंकर मारली, आतून टपकन काहीतरी टेबलावर पडलं.

शिंपला. करंगळीच्या नखाएवढा, ओला.

मेकॅनिकनं त्याच्याकडं बघितलं, पिशवी उचलली आणि म्हणाला, "बप्पा, तुमी दुसरा मानूस बघा."

* * *

आता माझा. कोलंबोच्या एका ऑफिसात निलुका नावाची मॅडम आहे. आमचे बरेच डबे तिकडं उतरून दुसऱ्या जहाजात चढतात. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, म्हणजे दोघींना कळतं आणि तिसऱ्याला कळत नाही! आमची गट्टी जमली होती. तिच्या पोरीला कांजिण्या झाल्या तर मला फोटो यायचा.

एक दिवस मी खेळण्यांचा एक डबा कळवून टाकला होता. जेवायला उठणार, तर निलुकाचा फोन. घाईत होती. मागं जोराचा पाऊस ऐकू येत होता. म्हणाली, "रेखा, त्या खेळण्यांमध्ये बॅटऱ्या आहेत. नुसती खेळणी लिहू नको. बदल लवकर!"

बॅटऱ्या म्हणजे गंभीर बाब. त्या समुद्रात पेटल्या तर जहाजाची होळी होते. त्या वेगळ्या कळवाव्या लागतात आणि वेगळ्या ठेवाव्या लागतात. मी माल पाठवणाऱ्याला फोन लावून दरडावलं. तो आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला. मी दुरुस्ती पाठवली. घास गोड लागला.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणाले, "काल वाचवलंस बाई मला."

ती हसली. म्हणाली, "मी कुठं? तूच तर मला वाचवलंस!"

"म्हणजे?"

"तूच फोन केलास ना! म्हणालीस, खेळण्यांमध्ये बॅटऱ्या आहेत, तुझ्या बाजूनंही बदल. मागं एसटीचा हॉर्न वाजत होता. तुझ्याकडं नेहमी वाजतो तसाच."

मी म्हटलं, चेष्टा करू नको. ती म्हणाली, तूच करतेस. मी माझ्या मोबाईलमधे बघितलं. तिचा फोन आलेला. तिनं तिच्या मोबाईलमधे बघितलं. माझा फोन आलेला! लावलेला मात्र दोघींकडं नाही. आणि कोलंबोत त्या दिवशी ऊन होतं.

शेवटी ती म्हणाली, "मग त्या डब्याची एवढी काळजी कुणाला होती, रेखा?"

मी हे सगळं ऑफिसात सांगितलं. सुदामनं विचारलं, "खेळनी कोन्ती व्हती?"

"बाहुल्या. बोलणाऱ्या."

"मंग त्याच बोलल्या असत्याल!"

एरवी सुदामच्या विनोदाला आम्ही हसतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तो स्वतःही नाही.

* * *

आता जात्याचं.

माझ्या शेजारी गयाकाकू राहायच्या. काका गेले, एकच मुलगी, ती अमेरिकेत. ती म्हणाली, आई, आता इकडंच ये. काकू तयार झाल्या, पण अट घातली, "जातं येनार आसंल तर मी येते. सासूचं जातं हाय. त्याला टाकून मी जानार न्हाई." मला विचारायच्या, "रेखा, जात्याला विसा लागतो का ग?"

विसा लागत नाही म्हटलं, पण त्याचीही आधी वर्दी द्यावी लागते. आणि तिकडच्या कस्टमला माती चालत नाही, धान्याचा दाणा चालत नाही. आम्ही दोघींनी अंगणात बसून जातं ब्रशनं घासलं. दगडाला टाकी लावून पाडलेल्या खाचा सुईनं टोकरल्या. दोन दिवस उन्हात वाळवलं. खुंटा काढून वेगळा बांधला. खालची तळी वेगळी, वरची वेगळी, मधे स्पंज घालून लाकडी पेटीत ठोकलं. मी वर्णन लिहिलं, "घरगुती वापराचं जुनं दगडी जातं, हातानं फिरवायचं." पेटी बंदराकडं गेली. तिथं गोदामात ती चारचौघांच्या सामानाबरोबर एका डब्यात चढणार होती.

गोदामातून फोन आला. कुणी सावंत म्हणून होते, बोलायला एकदम शिस्तीचे. "ताई, तुमच्या पेटीत मशीन आहे का?"

"मशीन कसलं? दगड आहेत."

"घरघर आवाज येतोय. मशीन असेल तर तसं कळवावं लागेल."

"अहो, खुंटासुद्धा काढलाय. दोन सुटे दगड आहेत!"

"दगड घरघर करत नाहीत, ताई."

बप्पांनी माझ्या हातातला फोन घेऊन स्पीकरवर टाकला. मस्करीच्या सुरात म्हणाले, "निस्ती घरघरच हाय ना सावंत? ओव्या तर म्हनत न्हाई ना कुणी?"

मग सावंतांचा आवाज आला, एकदम बारीक.

"म्हणजे... तुम्हाला माहीत आहे?"

पेटी उघडायला कुणी तयार होईना. तशीच चढवली. काकूंना सांगावं की नाही, माझा जीव खालीवर. त्यांचं तिकीट अजून पंधरवड्यानं होतं. शेवटी संध्याकाळी जाऊन सांगितलं. मला वाटलं घाबरतील. त्या मेथी निवडत होत्या. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "ओवी कुनाच्या नावाची व्हती, ते इचारलं का?"

नाही विचारलं, म्हटलं.

"इचारायचं ग बाई!" आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ रडल्या. रडताना हसतही होत्या.

तिकडं गेल्यावर त्यांचा एकदा व्हिडिओ कॉल आला. अंगात स्वेटर, मागं जातं. म्हणाल्या, "जावयानं पेटी उघडली. खालच्या तळीभवती पीठ सांडलेलं. ज्वारीचं. मी हात लावून बघितला, रेखा. गरम व्हतं."

* * *

सुदामच्या आज्याला मी एकदाच बघितलं होतं. सगळा जन्म मेंढरांमागं फिरलेला माणूस. घरात म्हणे त्याला झोपच यायची नाही. भिंत बघितली की उठून बसायचा. तो गेला तेव्हा त्याचं काळं घोंगडं त्याच्या अंगावर घालूनच त्याला मूठमाती दिली. घोंगड्याचा एक कोपरा फाटलेला, तो म्हातारीनं तांबड्या दोऱ्यानं टाचलेला होता. सुदामनं ते स्वतः बघितलं होतं, कारण तो कोपरा त्यानंच आत सारला होता.

वर्षभरानं आमच्याकडं घोंगड्यांचाच एक डबा आला. कुठल्याशा संस्थेनं हातमागाची घोंगडी युरोपातल्या एका दुकानाला विकली होती. सुदाम खूष! "आमचा माल चाललाय फारीनला," म्हणत त्यानंच सगळं कळवलं. गठ्ठे मोजून, कोरी घोंगडी, काळी, लोकरीची.

डबा पोचला आणि तिकडून विचारणा आली, की एक घोंगडं जास्त आहे. आणि ते नवं नाही, वापरलेलं आहे. त्याला धुराचा आणि जनावराचा वास आहे. हे तुम्ही कळवलं कसं नाही? सोबत फोटो होता.

सुदामनं फोटो उघडला आणि खुर्चीतून उठून उभा राहिला. काळं घोंगडं. कोपऱ्याला तांबडा दोरा.

तो मोटारसायकल काढून वस्तीवर गेला. बापाला मोबाईलवरचा फोटो दाखवला. बाप मेंढरांना पाणी दाखवत होता. त्यानं फोटो बघितला, लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"आपल्याच म्हाताऱ्याचं हाय," तो म्हणाला.

"अन् तिकडं कसं गेलं, दादा?"

बापानं मोबाईल परत दिला. "सुदाम, तुझा आजा कधी एका जागी बसलाय का? कटाळला आसंल!" आणि तो मेंढरांकडं वळला.

तिकडं काय कळवायचं, हा प्रश्न उरलाच. बप्पा म्हणाले, वापरलेलं घोंगडं एक, चुकून गेलं, असं लिव. सुदाम म्हणाला, "चुकून लिवत न्हाई, बप्पा." आणि त्यानं ते लिहिलं नाही. नुसतं 'एक घोंगडं, वापरलेलं' असं लिहिलं. दुकानदारानं ते परत पाठवायची तयारी दाखवली होती. सुदामनं कळवलं, नको. राहू द्या तिकडंच.

* * *

शोभाचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की शिरूर कासारची अर्धी वस्ती ट्रकात बसते, तशी तीही लहानपणी बसायची. म्हणून कोयत्यांचा डबा आला तेव्हा तो तिलाच दिला. मॉरिशसला चालला होता. तिकडंही ऊस, तिकडंही तोड.

माल घेणाऱ्याचा पत्ता अर्धवट होता, म्हणून तिनं फोन लावला. पलीकडं म्हातारा माणूस. तिनं इंग्रजीत सुरुवात केली, तर तो मराठीत बोलायला लागला! जुनी, अडखळती मराठी. त्याचा पणजा का खापरपणजा इकडून गेलेला. म्हाताऱ्यानं स्वतः भारतात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. कुठल्या गावाहून गेले तेही घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

"तू कुठली, पोरी?"

"शिरूर कासार. बीड जिल्हा."

त्यानं नाव कधी ऐकलंच नव्हतं. दोनतीनदा घोळवून म्हटलं. मग एकाएकी म्हणाला, "लिंब आहे का अजून?"

"कोनता लिंब?"

"विहिरीच्या अंगाचा. दोन फांद्यांच्या मधे धोंडा बसवलेला. पोरं त्याच्यावर पाय देऊन वर चढतात."

तो कडुलिंब शोभाच्याच वस्तीवर आहे. धोंडा आहे, पोरं पाय देऊन चढतात. तीही चढायची.

तिला वाटलं, पणज्यानं सांगितलेलं पिढ्यान् पिढ्या चालत आलं असेल. ती म्हणाली, "हाय की आजोबा! अजून हाय." म्हातारा लई खूष झाला. म्हणाला, "मी रोज सपनात तिथं बसतो. आज गावाचं नाव कळालं बघ."

तिनं घरी फोन करून बापाला सांगितलं. तो तेव्हा कारखान्यावर होता, फडातच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शोभे, कसला पनजा अन् कसला खापरपनजा! त्यो लिंब मी लावलाय. तू पाळन्यात व्हतीस. अन् धोंडा तुझ्या आईनं बसवलाय."

तोड संपवून आईबाप परत आले, तेव्हा शोभाचा बाप पहिल्यांदा घरात न जाता त्या लिंबाखाली जाऊन उभा राहिला. तिनं विचारलं, दादा, काय बघायले? तो म्हणाला, "कुनी बसलंय का, ते."

* * *

हा शेवटचा. हा आम्ही नव्या माणसाला सांगत नाही आणि बप्पा असले तर काढतच नाही.

तांदळाचा डबा होता. साधा. कळवण्यात काही खोट नव्हती, वेळेत कळवला होता, मंजुरीही आली होती. डबा बंदरावर जाऊन रांगेत लागला होता. आणि भरदुपारी स्क्रीनवर निरोप आला, "चढवू नका." कारण नाही, खुलासा नाही. मी बघितला, शोभानं बघितला, सुदामनं बघितला. बप्पांनी चष्मा पुसून बघितला.

माल पाठवणारा फोनवर भडकला. "चढवू नका म्हणजे? जहाज आत्ता सुटेल!" बप्पांनी तिकडच्या कस्टमला विचारायला लावलं. उत्तर आलं, "आमच्याकडून असा कुठलाही निरोप गेलेला नाही. तुमचा डबा मंजूर आहे. चढवा."

पण ह्या विचारपुशीत वेळ गेला. जहाज सुटलं. डबा धक्क्यावर राहिला.

आता मागं राहिलेल्या डब्याचं करायचं काय? यार्डातले म्हणाले, पुढच्या जहाजापर्यंत उन्हात राहू द्या, तांदूळ तर आहे. तांदूळवालाही तेच म्हणाला. बप्पांना काय वाटलं कुणास ठाऊक. ते कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी तांदूळवाल्यावर ओरडले, "उघडा म्हनतो ना मी! कोनीच पाठवला न्हाई तर निरोप आला कावून? उघडा!"

उघडला. पोती काढता काढता मागच्या भिंतीपाशी माणूस सापडला. बेशुद्ध होता, पण जिवंत.

गोदामातला हमाल होता. डबा भरताना त्याला कणकण आली, म्हणून अर्धवट भरलेल्या डब्यात पोत्यांवरून चढून पार मागच्या सापटीत जरा आडवा झाला. बाकीच्यांना वाटलं, गेला घरी. पोत्यांची थप्पी लागली, दार बंद झालं, सील पडलं. जहाजात चढला असता, तर तिकडं दार उघडेपर्यंत महिना गेला असता. पुढचं काय सांगायचं!

त्याचं नाव रामकिसन. आणि योगायोग बघा, आपल्याच जिल्ह्यातला, कडा गावाजवळचा निघाला. दवाखान्यातून सुटून तो गावी आल्याचं कळलं, तेव्हा बप्पा मला म्हणाले, "चल रेखा, बघून येऊ." तोवर तो तांदूळ पुन्हा भरून, पुन्हा कळवून, दुसऱ्या जहाजावर चढवला होता. जहाज भर समुद्रात होतं.

घरापुढं छपरात रामकिसन बाजेवर बसला होता. गालफाडं बसलेली, पण डोळे स्वच्छ. मांडीवर त्याची पोरगी. बायकोनं चहा आणला आणि बप्पांच्या पायाच पडली. बप्पा संकोचले. म्हणाले, "आमी काय केलं न्हाई, बाई. निरोप आलता, आमी निस्तं उघडायला लावलं."

रामकिसन ऐकत होता. पोरीला खाली उतरवून त्यानं विचारलं, "बप्पा, त्यो कसा हाय?"

"कोन?"

"माझ्यासंगं डब्यात व्हता त्यो. दवाखान्यात दिसला न्हाई. त्याला दुसरीकडं नेलता का?"

बप्पांनी कप खाली ठेवला. "रामकिसन, तू एकलाच व्हतास. डबा पार खाली केलता. पोतं न् पोतं बाहेर काढलं."

"न्हाई, बप्पा. त्यो व्हता की." तो अगदी शांतपणे सांगत होता, एखाद्या सोबत्याबद्दल सांगावं तसं. "अंधारात त्वांड दिसलं न्हाई. पन बोली आपल्याकडचीच. मी दार बडवायलो, बोंबलायलो, तर म्हनला, 'आरडू नको, दम जातो. तुला उतरवत्याल.' मंग माझ्या शेजारी बसून ऱ्हायला. लई आधार वाटला."

बप्पांनी विचारलं, अगदी हळू.

"अन् त्यो?"

"मीबी तेच म्हनलं त्याला. म्हनलं, मला उतरवल्यावर तूबी चल की संगं." रामकिसननं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "तर म्हनला, 'तू उतर. मला लांब जायचंय.'"